सात ताटल्या आणि एक होला

आंबारावा, मंगळवार

तीर्थरूप सुतिनाअक्काच्या चरणी धाकट्या वागियोचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? साखरेची गोळी वेळेवर घेतेस ना (की अजूनही गोळीबरोबर केक खाऊन दोघांना सारखाच न्याय देतेस)? माझी तब्येत उत्तम आहे. जरा जास्तच उत्तम आहे, विजारीचं बटण लागत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

तुझी भावजय, माझी सुलास्त्री, गेल्यापासून मी घुम्यासारखा बसून असतो, म्हणून तू मागच्या महिन्यात दम भरलास. रोज एक तरी चांगली गोष्ट बघायची, आणि नुसती बघायची नाही, कुणाला तरी तोंडाने सांगायची. नाही जमलं तर या महिनाअखेरीस तुझा लेक हार्तोनो पिकअप घेऊन येणार आणि मला सामानासकट सुराबायाला नेणार (तुमच्या त्या आठव्या मजल्यावर, जिथे चपला काढायलाही अंगण नाही). मी घाबरून लगेच कामाला लागलो.

पहिल्या दिवशीची चांगली गोष्ट मांजराला सांगितली. ती धरायची नाही, हे मलाही कळतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोनिराहबाई नारळाच्या दुधातली भाजी शिजवत होत्या. मी कुंपणापाशी जाऊन म्हणालो, "बाई, भाजीचा वास आला, बरं वाटलं." बस्स, एवढंच. अर्ध्या तासात ताटलीभर भाजी दारात हजर! आपल्याकडे वस्तूची तारीफ केली म्हणजे ती मागितली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग मी कसा विसरलो? खरं सांगू का अक्का, विसरलो नव्हतो. बासष्ट वर्षांत मी कधी कुणाची तारीफच केली नाही, त्यामुळे हा नियम माझ्या वाट्याला आलाच नव्हता.

बरं, आलेली ताटली रिकामी परत पाठवायची नाही, हे आईने आपल्या दोघांच्या पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. घरात दोन अंडी होती. उकडली आणि पाठवली. बाईंना ती इतकी आवडली (किंवा माझी दया आली म्हण) की दुसऱ्या दिवशी सोयाबीनचे तळलेले टेंपे आले. मी पुन्हा अंडी पाठवली. मग फणसाची भाजी आली. तोवर गल्लीत बोभाटा झाला होता की वागियो बोलायला लागलाय, आणि तारीफसुद्धा करतोय. मी नुसतं कुणाच्या दारावरून गेलो तरी बायका पातेल्यांवरची झाकणं काढू लागल्या.

म्हटलं, खाण्याच्या वस्तूंचं नाव काढायला नको. सार्जिमान आठवतो ना, रेल्वेत माझ्याबरोबर तीस वर्षं सिग्नल ओढायचा तो? त्याला म्हणालो, तुझा होला काय गोड घुमतो रे! दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजरा माझ्या ओसरीवर. "घे, तुझाच आहे," म्हणाला आणि डोळे पुसत गेला. होल्याने त्या दिवसापासून चोच उघडली नाही. मी पिंजरा परत न्यायला सांगितलं तर हा भडकला. "दिलेलं परत घेऊ? मला काय समजलास?" आता तो रोज सकाळी सहाला येऊन पिंजऱ्यासमोर बसतो, होला घुमतो, आणि हे दोघं नऊपर्यंत हलत नाहीत. कॉफी मी करतो.

शेवटी ताटलीतही मावणार नाही आणि पिंजऱ्यातही, असं काहीतरी शोधलं. पोनिराहबाईंना म्हणालो, तुम्ही हसता ते ऐकायला छान वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच ओसरीवर येऊन बसल्या. "आता हे कशात घालून पाठवणार? म्हटलं, घेऊनच जावं," म्हणाल्या, आणि हसल्या. सार्जिमानच्या हातून कॉफी सांडली. मला फार बरं वाटलं, अक्का. सुलास्त्री गेल्यानंतर त्या ओसरीवर कुणी हसलं नव्हतं.

तेव्हा काळजी नसावी. माझं एकट्याचं झकास चाललं आहे. पिकअपची काही गरज नाही.

तुझा,
वागियो

ता. क. माझ्याकडे सध्या सात घरच्या सात ताटल्या अडकून पडल्या आहेत. उकडलेल्या अंड्यांना आता गल्लीत कुणी विचारत नाही. आई करायची त्या केळ्याच्या वड्या कशा करायच्या, ते लगेच कळव.

ता. क. दुसरा. कृती कळवू नकोस, मला जमणार नाही. आणि पिकअपची गरज नाही हे वाक्य खोडलेलं समज. मागच्या दारात शेंगा सोलत तू मला ओरडायचीस ना, तेव्हा घर कसं भरल्यासारखं वाटायचं. तुझं ते ओरडणं मला फार आवडतं, अक्का. आठव्या मजल्यावर तू ओरडणार तरी कुणावर? आता मी ही तारीफ चक्क लेखी केली आहे, आणि पोनिराहबाई व सार्जिमान दोघंही साक्षीला आहेत. नियम तुला ठाऊक आहे. पिकअप रिकामी पाठवायची नाही.