कोडं साहेबांचं, उत्तर टिकलमध्ये

२ जून

साहेबांना आता आमच्या मेंदूची मशागत करायची आहे! रोज सकाळी फळ्यावर एक कोडं. प्रोग्रॅम लिहून सोडवायचं, जेवणाच्या सुट्टीआधी, भाषा कुठलीही चालेल. "कामाशी काही संबंध नाही हं, आपली गंमत!"

हा माणूस गंमत म्हणाला की मी आधी दार कुठे आहे ते बघते. मागच्या गमतीत प्रत्येकाने दुसऱ्याचा एक गुण फुग्यावर लिहायचा होता. माझ्या फुग्यावर चौघांनी लिहिलं — चिकाटी. दुसरा कुठला गुण सापडला नाही की हाच चिकटवतात.

भाषा कुठलीही म्हणालात ना? मग मी माझ्या जुनाट टिकलमध्येच सोडवणार. बसा वाचत!

३ जून

पहिलं कोडं: आकड्यांची रांग दिलीय, एकच आकडा लागोपाठ तीनदा आला तर ओरडा. बालवाडी!

शेजारच्या खुर्चीवरच्या धाकटीने — विभागात वयाने सगळ्यात लहान म्हणून मी तिला धाकटीच म्हणते — माझ्या पडद्यात डोकावून विचारलं, "ताई, टिकल? ती अजून टिकलीय?"

"नावातच आहे," म्हटलं.

खरं तर ह्या इमारतीत ती फक्त माझ्यामुळे टिकलीय. गावभरच्या लिफ्ट बिघडल्या की आमच्याकडे निरोप धाडतात आणि कुठला मेकॅनिक कुठे पळवायचा ते आमचा प्रोग्रॅम ठरवतो. तो टिकलमध्ये. लिहिणारे गृहस्थ केव्हाच सोडून गेले. तेव्हापासून त्याचं हगणं-मुतणं माझ्याकडे. नवे साहेब आल्या आल्या विचारत होते, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?"

९ जून

आज माझीच फजिती. प्रोग्रॅममध्ये आपण स्वतःसाठी शेरे लिहितो ते संगणकाने वाचायचे नसतात, हा जगाचा नियम. टिकल वाचते! शेऱ्यात एक महिरपी कंस उघडा राहिला आणि अख्खं कोडं कोसळलं. अगदी सासूबाईंची सख्खी बहीण — आपण मनात पुटपुटलेलंही हिला बरोबर ऐकू जातं.

नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत भूगोल शिकवतो. म्हणाला, "आटलेल्या नदीत होडी वल्हवतेस आणि वर म्हणतेस, लाटा फार आहेत."

जेवताना त्याच्या ताटात ठेचा वाढला. वाक्य चांगलं होतं, म्हणून जास्तच.

१६ जून

आजचं कोडं: काही सुतार, काही मोडकी दारं. कुठला सुतार कुठल्या दाराकडे धाडावा म्हणजे सगळ्यांची मिळून पायपीट कमी होईल? हे जरा बरं होतं. मी सगळ्यांच्या आधी दिलं.

साहेब म्हणाले, "सुरेख! पण हे वाचता कुणाला येणार?"

"मला."

"तेच म्हणतोय मी," आणि हसले. मग धाकटीचं उत्तर मोठ्या पडद्यावर. टाळ्या. तिचं लांबलचक, शहाण्या मुलीसारखं, ओळीओळीला समजावून सांगणारं. माझं म्हणजे वैद्याची चिठ्ठी. मान्य! पण टाळ्या?

२४ जून

डोकं दुखत होतं, सोडवलं नाही. साहेब म्हणे, "अरेरे, तुमच्यावाचून मजा नाही." मेला लबाड.

८ जुलै

पेनाचं टोक कागदातून आरपार जातंय. रागाने.

आजचं कोडं: जुन्या नोंदींतल्या काही तारखांपुढे चांदणी आहे. ती काढून तारखा सरळ करा.

टिकलची एक जुनी खोड आहे. आकड्याच्या आधी शून्य दिसलं की ती आठाच्या हिशोबाने मोजायला लागते. त्या हिशोबात आठ आणि नऊ हे आकडेच नाहीत. म्हणून ०८ आणि ०९ अशा लिहिलेल्या तारखांना बाई अडून बसते. त्यावर मी फार मागे एक तोडगा काढला होता — त्या तारखांपुढे चांदणी लावायची, म्हणजे ती त्यांना आकडा न समजता गप पुढे जाते. ही चांदणी जगात दुसरीकडे कुठेही नाही. ती माझी आहे!

आणि फळ्यावर आठ आणि नऊ तारखाच होत्या.

मग एकेक उलगडत गेलं. लागोपाठ तीनदा तोच आकडा — लिफ्टचं दार तीनदा लागलं नाही की येतो तो निरोप. सुतार म्हणजे मेकॅनिक. मोडकी दारं म्हणजे लिफ्ट. गेला महिनाभर आम्ही हसतखेळत, टाळ्या वाजवत माझ्याच प्रोग्रॅमचे तुकडे पाडत होतो. नव्या भाषेत. आणि मी त्यात पहिला नंबर काढायला धडपडत होते! बकरी स्वतःच सुरीला धार लावत होती.

९ जुलै

धाकटीला चहाच्या यंत्रापाशी गाठलं. "तुला माहीत होतं?"

ती गोंधळलीच. "तुकडे जोडायचं काम साहेबांनी मलाच दिलंय, ताई. पहिल्या आठवड्यापासून."

"आणि मला एक शब्द नाही?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला सगळंच आधी कळतं ना!"

टोमणा नव्हता. खरंच तसं वाटत होतं तिला. टोमणा असता तर परवडला असता.

१० जुलै

साहेबांच्या खोलीत गेले. दार न वाजवता. म्हटलं, "सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अर्थात!"

"मग?" असे हात पसरले, जणू मीच त्यांची अडचण सोडवून दिली. "उद्या तुम्ही आजारी पडलात तर लिफ्टमध्ये अडकलेल्यांनी काय करायचं? तुमच्या तब्येतीची प्रार्थना?"

दार आपटून बाहेर आले. बोलणं खरं होतं. म्हणूनच जास्त चीड येते — चोराने चोरी करावी, वर बरोबर बोलू नये.

२२ जुलै

कोडी संपली. धाकटीची जोडणी पुरी होत आली. मी लांबून पाहते. आज नजरेस आलं — एक तुकडा राहिलाय. लिफ्टमध्ये माणूस असेल आणि आतून घंटा वाजली असेल, तर पायपीट-बियपीट गुंडाळून ठेवायची. जवळ असेल तो मेकॅनिक हातातलं काम टाकून तिकडे. टिकलमध्ये तो नियम एका आडवळणाच्या ओळीत आहे. मला विचारल्याशिवाय कुणाला कळणारा नाही. सुतारांच्या कोड्यात तो नव्हताच. दारांच्या आत माणसं नसतात.

गप्प बसले तर? कुणीतरी अडकेल. बोंब होईल. साहेब तोंडावर आपटतील, मग मला हाका मारतील.

आज गप्प बसले.

२३ जुलै

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये समोरच्या काकू होत्या, कडेवर नातू. तो सगळी बटणं दाबत होता आणि त्या "अरे, अडकू ना आपण!" म्हणून हसत होत्या. मी नाही हसले.

पोचल्या पोचल्या धाकटीला तो नियम सांगितला. तिचा चेहरा पांढराफटक. वहीत न उतरवता तिथेच बसून लिहून काढला. तिने साहेबांना सांगितलं. साहेबांनी वर कळवलं — "चाचणीत आम्ही एक गंभीर त्रुटी पकडली." आम्ही! नवऱ्याला म्हटलं, बघ. तो म्हणाला, "तू सांगितलंस ना? मग झालं." काल मी गप्प बसले होते, हे त्याला सांगितलं नाही.

४ ऑगस्ट

नवा प्रोग्रॅम सुरू. टिकल बंद. बंद करायचं बटण मला दाबायला लावलं, वर पुष्पगुच्छ. साहेबांचं भाषण — "एका युगाचा अस्त" वगैरे. युग म्हणे! आले तेव्हा ह्यांना माहीतही नव्हतं मी काय करते.

११ ऑगस्ट

चालतोय. नीट चालतोय. आठ तारखेलाही, नऊ तारखेलाही. एकदा तरी अडखळ रे बाबा, माणूस नसलेल्या लिफ्टला!

छे.

१४ ऑगस्ट

दिवसभर काम नाही. धाकटी मुद्दाम काहीबाही विचारायला येते. तिला सगळं येतं. मीही सांगते. दोघीही चांगलं नाटक करतो.

२१ ऑगस्ट

वरच्या मजल्यावरून साहेबांच्या साहेब, मोठ्या बाईंनी बोलावलं. वाटलं, नारळ. तर म्हणाल्या, तुमच्या साहेबांच्या कामाचेही असेच तुकडे पाडून बघायचे आहेत, कोडी तुम्ही घालाल का? त्यांना इतक्यात बोलू नका.

विचार करायला वेळ मागायला हवा होता. हो म्हणून बसले. पहिलं कोडं जिना उतरेपर्यंत तयार होतं. सोपं आहे — धाकटी चुटकीसरशी सोडवेल.