पाच भाषांतलं माझं पद

मंगळवार, संध्याकाळी सात

उद्या माझ्या दारावर पाटी लागणार. 'कामगार कल्याण अधिकारी', तेही मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात या पाचही भाषा बोलल्या जातात, म्हणून कल्पना माझीच. वर्षभरात एकही बाई तक्रार घेऊन माझ्याकडे आली नाही. मला वाटलं, माझं पदच कुणाला कळत नसेल.

तेलुगू बरोबर आहे ना, हे बघायला दुपारी मागावरच्या लक्ष्मीअक्कांना बोलावलं. पाटीच्या मजकुराचा कागद घेताना त्यांच्या बोटाची चिंधी दिसली, हळदीनं पिवळी झालेली.

"कधी लागलं?"

"शनिवारी. मागात सापडलं."

म्हणजे तीन दिवस झाले! अपघाताची नोंद मीच करायची असते. मग माझ्याकडे का नाही आलात, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

त्यांनी कागद वाचला. "लई चांगलं लिवलंय. समद्यांना कळंल की." मग तेच चिंधीचं बोट दाराबाहेर केलं. समोर मॅनेजरसाहेबांची काचेची केबिन. "पण मॅडम, हितं कोण आलं ते तितनं दिसतंय की."

ती काच मी रोज बघते. मग लक्षात कसं आलं नाही? की आलं होतं, आणि दुसरी खोली मागायची भीती वाटली म्हणून पाटीच्या मागे लागले?

पेंटरला फोन करून उद्या येऊ नका म्हटलं. आता दुसऱ्या खोलीसाठी साहेबांना करायचाय. तीनदा नंबर काढला आणि तीनदा मोबाइल खाली ठेवला.

आणि अक्कांनी मात्र न घाबरता माझ्याकडे यायला हवं होतं, म्हणे!