पाणवनस्पतींच्या आडोशाला

२ जुलै
विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, स्वतःचा एक प्रयोग करून दाखवा, मग कायम नोकरीसाठी शिफारस करते. सहा वर्षं हंगामी प्राध्यापक! आता पुरे. विषय उरला होता एकच: तळ्यातल्या पाणवनस्पतींमुळे बेडकाची पिल्लं पाणकिड्यांपासून वाचतात का? वाचणारच. झाडीत लपायला जागा मिळते, एवढं तर कुणालाही कळतं. प्रयोग निव्वळ फॉर्मॅलिटी.

घरी मात्र सांगून टाकलं, कायम झाल्यासारखाच आहे.

४ जुलै
तळ्यावर गेलो. शी! पाणी कसलं, शेंबूड नुसता. पिल्लं धरायला घरून चहाची गाळणी नेली होती. पिल्लं खाणारे पाणकिडे म्हणून चतुराच्या अळ्या चिमट्याने उचलल्या. चतुर उडताना छान दिसतो, पण पाण्यातलं त्याचं बालपण म्हणजे किळस. अळी चालते पोट घासत आणि जबडा मारते बाहेर फेकून.

बायको म्हणाली, आता त्या गाळणीतला चहा तुम्हीच प्यायचा. शास्त्राबद्दल आदर म्हणून नाही या घरात.

५ जुलै
गॅलरीत मुलीच्या अंघोळीचे दोन जुने टब मांडले. दोन्हींत सारखीच पिल्लं, पाच-पाच अळ्या. डावीकडे तळ्यातली वनस्पती गच्च भरली. उजवा मोकळा. मोकळ्या टबात लगेच एका अळीने एक पिल्लू धरलं आणि शेपटीकडून खायला लागली. रात्री जेवलो नाही.

संकल्प: रोज सकाळी दोन्ही टबांत हात घालून पिल्लं मोजायची.

६ जुलै
हात घातला नाही. अंगावर काटा आला. मोकळ्या टबातली वरूनच मोजता येतात. डावीकडचं एकही दिसत नाही. म्हणजेच लपली आहेत! सगळी जिवंत आहेत असं धरलं.

११ जुलै
डावीकडे अजून एकही दिसत नाही. इतकी सुरक्षित की प्रयोग करणाऱ्यालाही सापडू नयेत! मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बायको म्हणाली, हात घालून बघा की एकदा. तिला समजावलं की निसर्गात ढवळाढवळ करू नये. रबरी हातमोजे आणले होते, पण ते आतून ओलसर लागतात. त्यांचीच शिसारी आली. टाकले.

१५ जुलै
टब वास मारतोय. शेजारीण नाकाला पदर लावून बोलते. मोकळ्या टबातल्या पिल्लांना पाय फुटले. अर्धवट शेपूट, अर्धवट पाय, ओंगळ प्रकार. डावीकडची निदान दिसत तरी नाहीत.

१८ जुलै
मॅडमनी विचारलं, हात घालून मोजता ना? म्हणालो, रोज. त्या खूश. म्हणाल्या, बहुतेकांना किळस येते हो. मी सहानुभूतीने हसलो. रविवारी त्या घरी येणार. नोकरी खिशात!

२२ जुलै, सकाळ
बायकोला नवीन गाळणी आणायला लावली. गॅलरी धुतली. डावा टब हिरवागार, शांत. मन भरून आलं.

२२ जुलै, संध्याकाळ
मॅडमनी झाडी बाजूला सारली. खाली पिल्लू नाही. एकही नाही. पाच अळ्या तेवढ्या, माजलेल्या, देठांना बिलगून स्वस्थ.

मॅडम म्हणाल्या, आडोसा अळ्यांनाही मिळाला ना. मोकळ्या टबात त्या लांबूनच दिसत होत्या, पिल्लं पळत होती. इथे देठाआड दबा धरून बसायचं आणि जवळ आलेलं गट्टम करायचं.

मी संपलो, असं वाटलं. पण मॅडम चक्क आनंदल्या! उलटं निघालं हे तर उत्तम, यावर छान लेख होईल, म्हणाल्या. जीव भांड्यात पडला. मग त्यांनी साधाच प्रश्न विचारला: पिल्लं कमी व्हायला कधीपासून लागली?

हळूहळू, म्हणालो. बायकोने माझ्याकडे बघितलं.

बरं, एक अळी काढून दाखवा, म्हणाल्या. मी चिमटा शोधायला लागलो. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

रागावल्या नाहीत. प्रयोग पहिल्यापासून करावा लागेल, तो मीच करते, म्हणाल्या. शिफारशीचं पुढच्या वर्षी बघू. मग बाही वर सारून त्यांनी कोपरापर्यंत हात टबात घातला आणि एकेक अळी तळहातावर घेऊन मापली. मला टॉवेल धरायला सांगितला.

तो मी नीट धरला.