मेणाच्या गोष्टीची कबुली

३ मार्च, सोमवार

आमच्या इंग्रजी-मराठी कोशावर वर्तमानपत्रात परीक्षण. एकूण सूर आदराचा. ‘साक्षेपी संपादक’ हे शब्द तीनदा. तिन्ही ठिकाणी उचित. शेवटच्या परिच्छेदात मात्र ‘सिन्सिअर’ या नोंदीची यथेच्छ खिल्ली. आपण छापले आहे ते असे: प्राचीन रोममधले लबाड शिल्पकार संगमरवराच्या भेगांत मेण भरत, प्रामाणिक शिल्पकार आपली मूर्ती ‘सिने केरा’, म्हणजे ‘मेणाविना’, असे सांगून विकत, त्यावरून सिन्सिअर. परीक्षक विचारतो, ही भाकडकथा कोशात कोणी घुसवली?

मूळ लॅटिन शब्द ‘सिन्केरुस’: स्वच्छ, निर्भेळ, अखंड. बहुधा ‘एक’ आणि ‘वाढणे’ या अर्थांच्या दोन धातूंपासून. एकाच वाढीचे, ज्यात परके काही मिसळलेले नाही. जुन्या इंग्रजीत पाणी न घातलेल्या वाइनलाही सिन्सिअर म्हणत. मेणाचा संबंध नाही. हे मला ठाऊक आहे. तेव्हाही होते.

नोंदीखाली आद्याक्षरे मुंगीची. मुंगी म्हणजे आमची कनिष्ठ संपादिका, माझी एकेकाळची विद्यार्थिनी. न थांबता, न भरकटता काम करते म्हणून कार्यालयाने ठेवलेले नाव.

४ मार्च, मंगळवार

केवळ नोंद म्हणून वस्तुस्थिती. मुंगीने नोंदीच्या कच्च्या चिठ्ठीवर व्युत्पत्ती अचूक लिहिली होती. मी ती खोडून मेणाची गोष्ट घातली. कारण वाङ्मयीन: तिची ओळ रुक्ष होती, आणि ही गोष्ट मी एकतीस वर्षे पहिल्या तासाला सांगत आलो, वर्गाने दरवर्षी टाळ्या वाजवल्या. “सर, याला आधार काय देऊ?” असे तिने विचारले होते. “आधार मी,” असे मी म्हणालो. ती हसली आणि तिने लिहून घेतले.

चिठ्ठी छपाईनंतर रद्दीत गेली. साक्षीदार दोनच.

संकल्प: उद्या प्रकाशकांना सांगणे. दोन वाक्ये पुरेत.

५ मार्च, बुधवार

दोन वाक्ये तयार. ‘चूक माझी आहे’ हे फारच उघडेबोडके वाटते. ‘अनवधान घडले’ अधिक सुसंस्कृत, पण अनवधान नव्हते. सकाळी प्रकाशक बाहेर. दुपारी जागेवर होते, परंतु जेवत होते. जेवणाऱ्या माणसापुढे कबुली देणे शिष्टसंमत नाही.

६ मार्च, गुरुवार

शाळांच्या समितीने कोशाची मान्यता रोखली. प्रकाशक तणतणत आले आणि माझ्यादेखत मुंगीला म्हणाले, “बाई, हे असलं कुठून उचललंत तुम्ही?” तिने माझ्याकडे पाहिले. एका स्वल्पविरामाइतकेच. मग म्हणाली, “माझ्या वाचनात आलं होतं.”

मी त्या वेळी पेन्सिलीला टोक करत होतो. टोक आधीच होते.

८ मार्च, शनिवार

तोंडी कबुलीत संदिग्धता राहते. लेखी निवेदन श्रेयस्कर. चार पाने झाली. प्रचलित वापरावर एक उपविभाग जोडला: आपल्या बोलण्यात सिन्सिअर म्हणजे प्रामाणिक नव्हे, तर मान खाली घालून राबणारा. ‘हुशार नाही हो, पण फार सिन्सिअर.’ हे निरीक्षण माझ्याआधी कोणी मांडल्याचे स्मरत नाही.

ताटात सगळे तसेच राहिले. पत्नीने कारण विचारले. एका सहकाऱ्याची चूक झाली आहे, असे सांगितले. “कोणाची, मुंगीची? ती पोर चुकायची नाही. तुम्ही नीट बघितलंत ना?” प्रकरण विचाराधीन आहे, असे उत्तर दिले.

१० मार्च, सोमवार

मुंगीला माझी खिडकीजवळची जागा दिली. “सर, इथे ऊन फार येतं हो,” म्हणून तासाभरात परत गेली. चहाच्या वेळी सर्वांसमक्ष तिच्या चिकाटीची स्तुती केली. ती कपात बघत राहिली. तरी माझ्याकडून होण्यासारखे मी करतो आहे.

१३ मार्च, गुरुवार

सोमवारी अकराला बैठक. दुसऱ्या आवृत्तीतून एक नाव जाणार, आणि त्या नावाची नोकरीही. प्रकाशक म्हणाले, “मुखपृष्ठावर तुमचं नाव आहे, सर. त्याला धक्का लागून आम्हाला परवडायचं नाही.” बोलायला हीच वेळ होती. मी “बघू” म्हणालो. त्यांनी तो होकार धरला. उतावळा माणूस.

१४ मार्च, शुक्रवार

मुंगी खोलीत आली. दार लावून घेतले. “सर, सोमवारी मी काय सांगू? घरी मी एकटीच कमावते, आईला अजून बोलले नाहीये.” मी म्हणालो, तुम्ही काहीच सांगू नका, मी सांगणार आहे. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “मला माहीत होतं, सर. उगाच आठ दिवस झोप घालवली.” जाताना दार उघडे टाकून गेली; असे ती कधी करत नाही.

मन अत्यंत हलके. कबुली जवळजवळ देऊनच झाली म्हणायची.

१६ मार्च, रविवार. दुपारी ४

निवेदन अकरा पाने, तळटीपा सव्वीस. पत्नीला वाचून दाखवू लागलो. दुसऱ्या पानावर तिने थांबवले. “अहो, म्हणजे ते तुम्ही लिहिलंत, तिने नाही. एवढंच ना?” स्थूलमानाने तसे म्हणता येईल, असे मी म्हणालो. “मग तेवढंच सांगा की! म्हणून दाखवा बघू मला.” म्हणून दाखवले. चार सेकंद लागले.

तळटीप १९ मधील पृष्ठांक शंकास्पद. एका चुकीची कबुली दुसऱ्या चुकीसकट देणे हास्यास्पद ठरेल. उद्या ग्रंथालय नऊला उघडते. भरपूर अवधी आहे.

१७ मार्च, सोमवार. दुपारी २

ग्रंथालयात ते पुस्तक बांधणीला गेलेले. दुसरी प्रत तळघरातून मागवली. पृष्ठांक बरोबरच होता.

कार्यालयात पोहोचलो तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटे. बैठक संपलेली. मुंगीचे टेबल पुसलेले.

प्रकाशकांकडून कळले ते असे. माझ्यासाठी वीस मिनिटे थांबले. मग तिला विचारले, तर म्हणाली, “सर येतायत, ते सांगतील.” पुन्हा विचारले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तिने दाराकडे पाहिले. “तुम्ही तिची बाजू घ्याल असं धरून बसली होती बिचारी,” असे प्रकाशक म्हणाले.

मी निवेदन पुढे केले. त्यांनी ते हातात तोलले. “बाप रे, तिच्यासाठी एवढं लिहिलंत? मन मोठं आहे हो सर तुमचं. पण आता निकाल झाला.” आणि खणात ठेवले.

ते चार सेकंदांचे वाक्य ओठांवर होते. मी म्हणालो, “तळटीप एकोणीस आवर्जून पाहा.”

१८ मार्च, मंगळवार

“सांगितलंत का?” पत्नीने विचारले. लेखी दिले, असे सांगितले. हे शब्दशः सत्य आहे. “वाचलं का त्यांनी?” यावर माझ्याकडे अधिकृत माहिती नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली.

१९ मार्च, बुधवार. सायंकाळी ५

मुंगीच्या घरी गेलो. निर्धाराने. दार तिच्या आईने उघडले. “सर तुम्ही! या ना, या. जरा पडली आहे, उठवते. तुमच्याबद्दल कोणाला वाकडं बोलू देत नाही हो. म्हणते, सरांना काहीतरी मोठीच अडचण आली असणार, नाहीतर ते यायचे राहिले नसते.”

उठवू नका, म्हणालो. सहज इकडून चाललो होतो.

जिना उतरताना जे वाटले ती सुटका होती. दुसरा शब्द शोधला. सापडला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

शाळांच्या समितीने मान्यता दिली. कार्यालयात पेढ्यांऐवजी माझे अभिनंदन वाटले गेले. निवेदन अजून खणातच.

रिकाम्या जागेच्या जाहिरातीचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला. एक स्वल्पविराम अनावश्यक होता, काढला. मुलाखती मीच घ्यायच्या आहेत.