बर्फाच्या कडेचं केशरी दगडफूल

विरिहाउरे तळं, १४ ऑगस्ट

प्रिय आई,

तू विणलेले मोजे कोरडे आहेत आणि मीही. तुझा गुडघा कसा आहे?

ज्या दगडफुलाच्या नोंदीसाठी आले, ते ग्रीनलंडपासून आल्प्सपर्यंत सापडतं. या डोंगरावर मात्र उन्हाळाभर टिकणाऱ्या बर्फाच्या कडेलाच वाढतं. नकाशातल्या जागी आता बर्फच नाही. ‘इथून नाहीसं’ लिहिलं, की डोंगराचं संरक्षण उठणार.

काल इथल्या कळपाच्या मालकीण सुन्ना आत्यांना नोंदीच्या फॉर्ममधला प्रश्न विचारला, “तुमची रेनडिअर किती?”

“कळपवाल्यांची लेक ना गं तू? हे विचारतात का कुणाला? कुणाचे पैसे मोजायला मागण्यासारखंच ते! आईनं कान नाही उपटले कधी?”

मला फार लाज वाटली. तो रकाना कोराच ठेवला आणि विचारलं, “डास-माश्यांनी हैराण झाली की जनावरं जातात कुठे?”

“हां, हे विचार.” त्या मला मागच्या घळीत घेऊन गेल्या. तिथे बर्फावर रेनडिअर उभी होती आणि कडेला ते दगडफूल, वरून हिरवट, उलटून पाहिलं तर पोट लख्ख केशरी. बोटभर वाढायला त्याला कितीतरी वर्षं लागतात. मी बघतच राहिले.

“आता मोज,” आत्या हसल्या. “त्याला राग नाही यायचा.”

पाच पुंजके भरले. ‘आहे, पण धोक्यात’ असं लिहिलं. बर्फ दरवर्षी आक्रसतोय, हे आत्यांचं म्हणणंही त्यांच्या नावानिशी लिहिलं.

आई, आपल्या घरामागच्या घळीत ऑगस्टमध्ये बर्फ असतो का अजून? इतक्या वर्षांत मी विचारलंच नाही.

बाबांना जपायला सांग.

तुझी,
एल्ले