व्हर्लिनचा धक्का, माझ्या वकीलबाई आणि केबिन नंबर चार

एल्सबर्ग, मिनेसोटा
सोमवार, ९ जून २०२५

प्रिय मारिटताई,

नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, ईस्टरच्या कार्डाला उत्तर नाही, आणि नाताळात आलेल्या संत्र्यांच्या पेटीची पोच जून महिन्यात देतो आहे, तेव्हा सगळ्यात आधी माफी. (डायरी चाळली. "ताईला लिहिणे" ही नोंद जानेवारीपासून अकरा वेळा आहे. म्हणजे मी विसरलो नव्हतो. याने अपराध वाढतो की कमी होतो, ते मला ठरवता आलं नाही.) तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींचं ॲरिझोनातलं गोल्फ कसं चाललंय ते विचारत नाही, कारण शनिवारी फोन केला तेव्हा तू पोहायला गेली होतीस आणि ग्लेन दाजींनी मला ते वीस मिनिटं सांगितलं. इकडे सगळं ठीक. तळ्यावरचा बर्फ एप्रिलअखेर गेला, डास मेच्या सुरुवातीला आले, मधले चार दिवस फार छान होते. तुमच्यासाठी केबिन नंबर चार नेहमीप्रमाणे जुलैच्या पहिल्या आठवड्यात राखून ठेवली आहे, असं व्हर्लिनने आवर्जून सांगितलं आहे.

तर बातमी व्हर्लिनचीच. मी त्याच्याविरुद्ध वकील दिला आहे. तुझ्या वर्गातला, तळ्यावरच्या रिसॉर्टचा मालक, हिवाळ्यात बर्फावरच्या खोपटात माझ्याशेजारी तासन् तास गळ टाकून बसणारा, तोच व्हर्लिन स्कोगस्टाड. २०१९ च्या बारा जूनला मी त्याच्या किनाऱ्यावर एकशेवीस फुटी लाकडी धक्का बांधून पूर्ण केला (टोकाला काटकोनात वळण, दोन बाकं, तू तिथे बसून पाय पाण्यात सोडतेस तो). ठरलेले पैसे नऊ हजार दोनशे डॉलर. त्यातला एक डॉलरही अजून आलेला नाही. मी मागितले नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. २०२० साली मी त्याला लाकूड किती महाग झालंय ते सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, "हो ना रे, सगळंच महागलंय." पुढच्या वर्षी त्याच धक्क्यावर उभा राहून मी म्हणालो, "छान टिकलाय, नाही?" तर म्हणतो, "कर्टिस, तुझं काम म्हणजे बघायलाच नको!" त्याच्या पुढच्या वर्षी मी त्याच्यादेखत माझ्या ट्रकचं मोडकं दार दोरीने बांधलं. त्याने घरात जाऊन अधिक चांगली दोरी आणून दिली. यापेक्षा स्पष्ट कसं मागायचं असतं?

यंदा मात्र गळ्याशी आलं. माझ्या कामाच्या तराफ्याचं इंजिन बर्फ वितळताच बसलं. दुसरं, वापरलेलं इंजिन आठ हजार सातशेला मिळतंय, आणि ते नसेल तर बर्फापायी हिवाळ्यात काढून ठेवलेले चौदा गिऱ्हाइकांचे धक्के मला छातीभर पाण्यात उभं राहून बसवावे लागतील (पाच बसवले, खोकला आहे, पण काळजी करू नकोस). जनेलने एका संध्याकाळी बटाटे सोलता सोलता विचारलं, "तू मागणार आहेस त्याच्याकडे, की मी मागू?" बायकोच्या हातात सुरी होती. मी म्हटलं, वकील देतो. मला तेव्हाही ते शहाणपणाचं वाटलं आणि आजही वाटतं. वकील म्हणजे तरी काय, आपल्याऐवजी उद्धट बोलणारं माणूस. ज्याला स्वतःला ते जमत नाही त्याने पैसे देऊन करून घ्यावं. मीही धक्के बांधतोच ना लोकांचे!

गावात वकील तीन. पहिला व्हर्लिनचा चुलतभाऊ निघाला. दुसऱ्याने मला बसवलं, कॉफी दिली, पण व्हर्लिनचं नाव निघण्याआधीच म्हणाला, "हे बघ, तुझ्या वसुलीचं काम मला घेता येणार नाही, माझा हितसंबंध आड येतो." त्याच्याही धक्क्याचे गेल्या सालचे पैसे यायचे आहेत, हे मला कॉफी संपल्यावर आठवलं. (त्यालाही मी "घाई नाही" म्हणून निघालो.) तिसरे फक्त मृत्युपत्रं करतात. "त्या टप्प्याला आलास की ये," म्हणाले. शेवटी तासाभरावरच्या सेंट क्लाउडला गेलो आणि पेट्राकिस वकीलबाई सापडल्या. मूळच्या शिकागोच्या. कर्जवसुलीखेरीज दुसरं कामच करत नाहीत. तासाला दोनशे नव्वद डॉलर, एक हजार आगाऊ. मी त्यांना विचारलं, पैसे मिळवून देण्याचे पैसे घेताना आपल्याला अवघडल्यासारखं होत नाही का? म्हणाल्या, "नाही. सही इथे."

ताई, बाई फार हुशार आहेत. मी कागदपत्रं म्हणून सहा वर्षांच्या सहा डायऱ्या नेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही स्कोगस्टाडना पैसे मागितले कधी?" मी लाकडाची, धक्क्याची आणि दोरीची नोंद वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "यात पैसे हा शब्द कुठे आहे?" मी म्हटलं, इथे तो बोलत नाहीत, तो समजतो. "मग बिल दिलं होतंत?" दिलं होतं, २०१९ च्या नाताळच्या कार्डात, जनेलच्या आणि माझ्या फोटोच्या मागे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यावरही "घाई नाही" असं लिहिलं होतं. त्यांनी सगळ्या डायऱ्यांत मिळून "घाई नाही" मोजायला सांगितलं. सतरा. मग म्हणाल्या, "श्री. ब्रेकी, अशा दाव्याला सहा वर्षांची मुदत असते. येत्या बारा जूनला ती संपते. आता घाई आहे."

त्यांनी नोटीस लिहिली. "दहा दिवसांत रक्कम भरावी, अन्यथा..." असा तिचा सूर. मी सुचवलं, सुरुवातीला यंदा मासे कसे लागताहेत एवढं विचारायला हरकत नसावी. म्हणाल्या, जरूर, दोनशे नव्वदच्या दराने मी माशांबद्दलही विचारीन. "अन्यथा"च्या जागी "सवडीने" घालता येईल का, असं विचारल्यावर त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. (घरी येताना मला वाटत राहिलं की मी त्या कागदाला घाबरलो, की कागद खरं बोलत होता याला? डायरीत दीड पान लिहिलं. निष्कर्ष नाही.) नोटिशीला उत्तर आलं नाही. साहजिकच बाईंनी दावा तयार केला, मी सही केली, आणि उद्या मंगळवारी सकाळी दहा वाजता शेरीफचा माणूस तो व्हर्लिनच्या हातात देईल. बाईंचे आजवर अठराशे चाळीस झाले, पण बाजू भक्कम आहे. सहा वर्षांत प्रथमच मला पाठीचा कणा असल्यासारखं वाटतंय.

जनेलचा नमस्कार. दाजींना सांग, गोल्फचं लक्षात आहे.

तुझा,
कर्टिस

ता. क. नोटिशीला उत्तर आलं नाही हे खरं, पण पूर्ण खरं लिहायला हवं. "टपालाने कशाला, मी स्वतः देतो" असं सांगून मी ती बाईंकडून घेतली होती. गेले तीन आठवडे ती ट्रकच्या खणात आहे. तेवढ्या काळात मी व्हर्लिनकडे चारदा जाऊन आलो. दरवेळी द्यायला हात घातला, आणि दरवेळी त्याने धुरावलेला मासा हातात ठेवला. मासा उत्तम होता. तो मी डायरीत जमेच्या बाजूला मांडला आहे.

ता. क. २. आता जे लिहायला बसलो ते. शुक्रवारी बाईंचा फोन आला. त्यांनी सहाही डायऱ्या पूर्ण वाचल्या होत्या (माझ्या खर्चाने). विचारलं, "ही मारिटताई कोण?" आणि ३० जून २०१९ ची नोंद वाचून दाखवली: "व्हर्लिन म्हणाला, ताईच्या केबिनचं भाडं माझ्याकडे, हिशेब आपला आपल्यात. केवढं मोठं मन!" मग दर उन्हाळ्याची. गेल्या जुलैत तो म्हणाला होता, "आता थोडंच राहिलं, कर्टिस." त्याखाली मी लिहिलंय, "व्हर्लिनची तब्येत बरी नसावी. विचारावं का? नको." बाईंनी फोनवरच हिशेब केला. मग म्हणाल्या, "केबिनचं भाडं आठवड्याला पंधराशे. सहा उन्हाळे. नऊ हजार. श्री. ब्रेकी, या माणसाने तुमचा धक्का फेडत आणलाय, आणि तुम्ही दोघंही एकमेकांना ते सांगायला विसरलात." दोनशे राहतात. त्यासाठी मी अठराशे चाळीस दिले आहेत.

तेव्हा ताई, मला एवढंच कळायला हवं: केबिनचे पैसे तू व्हर्लिनला कधी दिले होतेस का? दिले असतील तर बाईंचा हिशेब चुकला. शनिवारी फोन केला होता तो यासाठीच, पण गोल्फ मध्ये आलं. जनेलचं म्हणणं, ती केबिन आम्ही तुम्हाला देतो असं तुला वाटत आलं असणार, म्हणूनच दर नाताळात संत्री येतात. तिचं खरं असेल तर तुला काही चुकवायचं राहिलेलं नाही, जुलैत नेहमीसारखे या. फक्त हो किंवा नाही लिही. संत्री पाठवू नकोस.

ता. क. ३. दावा थांबवायचा तर एका वाक्यात लेखी कळवा, असं बाईंनी सांगितलं. चार मसुदे केले. चारही पावसापासून सुरू होतात. त्यात भीती ही की बाई चुकल्या असतील तर मी माझ्या हाताने मुदत घालवीन, आणि बरोबर असतील तर उद्या दहा वाजता माझ्या मित्राच्या दारात शेरीफचा माणूस उभा राहील. हे कोणत्याच डायरीत पाहून कळणार नाही, व्हर्लिनलाच माहीत आहे.

उद्याचं काम: दहाच्या आत व्हर्लिनकडे पोचणे आणि हवेचा विषय न काढता विचारणे.