पिन हाकी

प्रिय सुहासदादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील अशी भीती आहे, म्हणून वहिनींच्या नावे पाठवतो. आधी हे सांगतो की अमृता सुखरूप आहे. पण कालपासून मी सुन्न आहे. घास हातात राहतो, तुझी भावजय शुभदा दर अर्ध्या तासाने येऊन माझ्याकडे बघून जाते. जे झालं ते तुलाच सांगायला हवं, दुसऱ्या कोणाला सांगून भागणार नाही.

तू तुझ्या या पुतणीला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता ती व्हाइटफील्डला आयटीत आहे. पाच दिवस एसीत बसते आणि शनिवार-रविवार एक जुनी जीप घेऊन सकलेशपूरच्या डोंगरांत चिखल तुडवते. बाईसाहेबांना रस्ता असेल तिथे गाडी चालवायला आवडत नाही. गेल्या महिन्यात त्या जीपची पुढची चाकं वळवताना कटकट वाजायला लागली. मी जॅक लावून चाक हलवून पाहिलं, बॉल जॉइंट गेले होते. तुला मोटारीतलं फारसं कळत नाही म्हणून सांगतो, पुढचं चाक ज्या गोळ्यावर वळतं तो हा सांधा. आपल्या खुब्यासारखाच, निखळला की चाक आडवं पडतं. मी म्हटलं, गॅरेज कशाला, घरीच बदलू. चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात तपासनीस म्हणून दुसऱ्यांच्या कामावर सह्या केल्या, आता जरा आपले हात काळे करू. खरं तर पोरीसमोर मिरवायचं होतं.

मदतीला मल्लाप्पा आला. तो आमच्याच कारखान्यात फिटर होता, आता पीण्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं लेथचं दुकान आहे. जुने सांधे दाबून काढायचा प्रेस त्याने आणला. शुक्रवारी सकाळी घरासमोर गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. मी तपासायच्या गोष्टींची यादी करून भिंतीला चिकटवली होती. मल्लाप्पा ती बघून गालात हसला. डावी बाजू जेवणाआधी झाली. गंजलेला सांधा हातोड्याच्या ठोक्याने सुटला तेव्हा आम्ही दोघं म्हातारे शाळेतल्या मुलांसारखे खूश झालो.

उजव्या बाजूचा खालचा नट मी आवळला. त्या नटाला एक पिन असते. ती भोकातून घालून टोकं दुमडायची, म्हणजे नट आपोआप फिरत नाही. मी पान्यांच्या पेटीकडे वळलो होतो. पाठमोऱ्यानेच मल्लाप्पाला विचारलं, ‘पिन हाकी?’ तो म्हणाला, ‘आय्तु, सार.’ मी यादीवर बरोबरची खूण केली, वर चाकामागचा हब बसवला, चाक चढवलं.

इथे इतकी वर्षं राहूनही माझं कन्नड कसं आहे ते ऐक. भाजीवाल्याशी ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि रिक्षावाल्याशी ‘सरी’ म्हणजे ठीक, एवढ्यावर माझा संसार चालला. वाक्याच्या शेवटी आवाज चढवला की प्रश्न होतो, अशी माझी समजूत. मला विचारायचं होतं, पिन घातलीस का? पण ‘हाकी’ म्हणजे ‘घाला’. आणि ‘आय्तु’ म्हणजे झालं, तसंच ‘आय्तु’ म्हणजे बरं, करतो. मी त्याला पिन घालायला सांगितलं आणि तो बरं म्हणाला, एवढंच आमचं बोलणं झालं होतं. तो पिन घ्यायला पिशवीकडे गेला, परत येतो तर मी हब बसवत होतो. साहेबांनी स्वतःच घातली, असं तो समजला. साहेबांना उलटं कोण विचारणार?

हे मला काल साडेनऊला कळलं. मल्लाप्पा प्रेस न्यायला आला होता आणि सहज म्हणाला, ‘पिन नीवे हाकिद्रा, सार?’ तुम्हीच घातलीत ना? अमृता सहालाच निघाली होती. तिचा फोन लागेना. ज्या मैत्रिणीबरोबर ती गेली होती तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. आणि दादा, त्या वेळात मी काय केलं सांगू? मल्लाप्पावर ओरडलो. आय्तु म्हणालास की नाही, मग तपासलं का नाहीस? तो खाली मान घालून उभा राहिला. एकदाही म्हणाला नाही की सार, यादीवर खूण तुम्ही केलीत.

फोन लागायला एक तास वीस मिनिटं लागली. ती सकलेशपूरच्या वाटेवर हासनपुढे इडली खायला थांबली होती, घाट अजून यायचा होता. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली आणि म्हणाली, नट तीन आटे सुटलाय. मी कसंबसं सांगितलं की चूक माझी आहे. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आधी पाणी प्या.’

मी पाणी प्यायलो, तेव्हा मिरजेच्या इस्पितळाचा व्हरांडा आठवला. त्या दिवशी नानांच्या स्कूटरचं चाक तू बदलत होतास. नट बोटांनी चढवून पाना आणायला घरात गेलास. नानांनी ओसरीवरून विचारलं, झालं का रे? तू आतून म्हणालास, झालंच. त्यांनी ‘झालं’ ऐकलं आणि गाडी काढली. मराठीतलं मराठीत, एकाच घरात, बाप-लेकांत. वाटेत चाक निखळलं. नाना वाचले, पाय गेला. पुढची नऊ वर्षं तू त्यांना उचलून मोरीत नेलंस. मी दिवाळीला यायचो, त्यांच्या पाया पडायचो आणि तुझ्याशी न बोलता परतायचो. ते गेल्यावर तेवढंही येणं उरलं नाही. सगळ्यांना सांगत राहिलो, काम होण्याआधी झालं म्हणणारा माणूस आहे हा. काल मल्लाप्पावर ओरडताना तोच माझा आवाज मला ऐकू आला, आणि मला माझी किळस आली.

मल्लाप्पाच्या घरी सकाळी जाऊन आलो, माफी मागितली. त्याने कॉफी पाजली. नाना गेल्यापासून मोजलं तरी तुझ्याकडे यायला एकोणीस वर्षांचा उशीर झाला आहे. पुढच्या शनिवारी अमृता मला मिरजेला घेऊन येणार आहे. तू घरात घेतलं नाहीस तरी मी समजेन. माझं एक तास वीस मिनिटांत काय झालं ते मला ठाऊक आहे, तू ते वर्षानुवर्षं सोसलंस, म्हणून हे पत्र. त्या व्हरांड्यात तू भिंतीला टेकून उभा होतास आणि मी सगळ्यांसमोर तुला विचारलं होतं, तपासलं का नाहीस? त्याचं उत्तर मला नको आहे. मला फक्त हे सांग दादा, त्या दिवशी तुला कोणी पाणी तरी विचारलं होतं का?

तुझाच धाकटा,
विद्याधर